नियमपुस्तिका आणि कोड एका इतिहासात आणताना: प्रकल्प नोंदी

४ ऑगस्ट

आजपासून या कामाची वेगळी नोंद ठेवतोय. निमित्त कालचं. शुल्क मोजणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकाकडे गेली, सोबत नियमपुस्तिका गेली, आणि दोन्हींचा मेळ नाही. सॉफ्टवेअर मुदतीनंतर सात दिवसांची सवलत धरतं, पुस्तिकेत दहा दिवस लिहिलेत. सात हेच बरोबर. तसा बदल चार महिन्यांपूर्वी ठरला होता आणि पुस्तिकेतही झाला होता. पाठवताना मात्र जुनी प्रत उचलली गेली.

सामाईक फोल्डर उघडून मोजल्या तर पुस्तिकेच्या चौदा प्रती निघाल्या. ‘अंतिम’, ‘अंतिम दुरुस्त’, ‘अंतिम दुरुस्त नवीन’, ‘हीच पाठवा’. तारखांवरून क्रम लावावा म्हटलं, तर फोल्डर एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवला तेव्हा नऊ प्रतींवर एकच तारीख बसलेली. कोणती प्रत कोणत्या आवृत्तीबरोबर जायला हवी होती हे शोधायला तिघांचे तीन तास गेले. चूक कुणाची हे मला शोधायचंच नाही. ज्यानं फाइल उचलली त्यानं नाव वाचून उचलली, आणि नाव ‘अंतिम’ होतं.

कोडच्या बाबतीत हाच प्रश्न दोन मिनिटांत सुटतो, कारण कोड गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास ठेवणाऱ्या साधनात आहे. मग ज्या कागदाच्या आधारावर तो कोड लिहिला जातो, तो कागद बाहेर का? ठरवलं की कोड, नियमपुस्तिका, दरपत्रक आणि चाचण्यांची यादी एकाच रिपॉझिटरीत, म्हणजे गिटच्या एकाच संग्रहात आणायची. हातात महिना आहे.

५ ऑगस्ट

आधी आपल्याच घरात डोकावलो. कोडच्या मागच्या वर्षभराच्या कमिट, म्हणजे संदेशासह नोंदवलेले बदल, वाचून काढल्या. निम्म्याहून जास्त ठिकाणी संदेश एवढाच: ‘दुरुस्ती’, ‘बदल केले’, ‘फिक्स’. काय बदललं ते डिफ, म्हणजे आधीच्या आणि नंतरच्या मजकुराची तुलना, दाखवतोच, त्यासाठी संदेश लागत नाही. का बदललं हे मात्र डिफमध्ये कुठेच नसतं. हे इथे लिहून ठेवतो, पुढे लागेल.

७ ऑगस्ट

ग्राहकाकडे गेलेली नियमपुस्तिकेची जुनी डॉक्स, म्हणजे वर्डची फाइल रिपॉझिटरीत टाकली. वर्डमध्ये उघडून एका वाक्यातला ‘दहा’ काढून ‘सात’ केला, सेव्ह केली आणि डिफ मागितला. उत्तर आलं: दोन बायनरी फायली वेगळ्या आहेत. बस्स, एवढंच. वेगळ्या आहेत हे मलाही ठाऊक होतं.

डॉक्स म्हणजे मुळात झिप. नाव बदलून उघडली की आत एक्सएमएल फायली दिसतात: मुख्य मजकुराची, शैलींची, सेटिंगची, टिपणांची, आणि शेवटचा बदल कुणी व कधी केला त्या माहितीची. मजकुराची फाइल बाहेर काढून मीच डिफ केला. तिथे दुसरी अडचण. वर्ड तो सगळा मजकूर जवळजवळ एकाच लांबलचक ओळीत लिहितो. गिट ओळींची तुलना करतं, त्यामुळे एक शब्द बदलला तरी आख्खी पुस्तिका बदलली असं दिसतं.

मग ओळी पाडून पाहिलं. माझ्या एका शब्दाच्या बदलानं आतमध्ये किती उलथापालथ झाली ते दिसलं. ज्या वाक्यात ‘दहा’ होता त्याचे आता तीन तुकडे झालेत: शब्दाच्या आधीचा, ‘सात’ आणि नंतरचा. मधल्या तुकड्यावर आठ अक्षरी एक आकडा चिकटलाय. याला आरएसआयडी म्हणतात. वर्ड संपादनाच्या प्रत्येक सत्राला असा एक आकडा देतं आणि त्या सत्रात टंकलेल्या मजकुरावर तो लावतं. दोन प्रती पुढे एकत्र करताना मदत व्हावी म्हणून ही सोय आहे. मला तूर्त तरी हा नुसता गोंगाट वाटतोय.

८ ऑगस्ट

गोंगाटावर उपाय सापडला. गिटला सांगता येतं की अमुक प्रकारच्या फायलींचा डिफ दाखवण्याआधी त्या एका प्रोग्रामातून काढ आणि जो मजकूर निघेल त्याची तुलना कर. या सोयीचं नाव टेक्स्टकन्व्ह. गिटॲट्रिब्यूट्स फायलीत डॉक्सपुढे ‘वर्ड’ असं डिफचं नाव लिहिलं आणि कॉन्फिगमध्ये त्या नावापुढे पॅनडॉक या दस्तऐवजांचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामाची आज्ञा दिली. परत डिफ मागितला. लाल ओळीत ‘दहा दिवसांची सवलत’, हिरव्या ओळीत ‘सात दिवसांची सवलत’. शब्दवार डिफ लावला तर फक्त ‘दहा’ आणि ‘सात’ रंगले. देवनागरीत काही बिघडेल अशी धास्ती होती, पण शब्द मोकळ्या जागेवरून तोडले जातात, त्यामुळे सगळं नीट दिसलं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवायच्या. गिटॲट्रिब्यूट्स फाइल रिपॉझिटरीबरोबर सगळ्यांकडे जाते, कॉन्फिगमधली आज्ञा जात नाही. ती प्रत्येकाच्या यंत्रावर एकदा बसवावी लागते. हे गैरसोयीचं वाटलं तरी योग्यच आहे, नाहीतर कुणाचीही रिपॉझिटरी क्लोन केली, म्हणजे आपल्याकडे उतरवून घेतली, की तिच्यातली आज्ञा आपल्या यंत्रावर चालायला लागेल. विंडोजसाठीच्या गिटमध्ये डॉक्समधला मजकूर काढणारी सोय आधीपासून असते. तरी सगळीकडे पॅनडॉकच ठेवणार. दोघांना एकाच बदलाचे दोन वेगळे डिफ दिसले तर बोलणंच खुंटतं.

दुसरी गोष्ट, हे फक्त पाहण्यापुरतं आहे. दोघांनी एकच डॉक्स बदलली तर गिट ती मर्ज करू शकत नाही, म्हणजे दोघांचे बदल एकत्र जुळवू शकत नाही. त्याचा विचार पुढे.

९ ऑगस्ट

सुट्टी असूनही बसलो, कारण चौदा प्रती डोक्यातून जात नव्हत्या. त्या क्रमानं इतिहासात बसवायच्या म्हणजे आधी क्रम हवा. फायलींच्या बाहेरच्या तारखा निकामी झाल्या होत्या, पण झिपच्या आत वर्डनं लिहिलेली शेवटच्या बदलाची वेळ शाबूत होती. फाइल कितीही वेळा कॉपी केली तरी ती वेळ बदलत नाही. बाराजणींचा क्रम त्यावरून लागला. ‘अंतिम’ आणि ‘अंतिम दुरुस्त’ यांचा मजकूर अक्षरशः एकच निघाला. कुणीतरी उघडून नुसती परत सेव्ह केली होती.

उरलेल्या दोन प्रती सातवी की आठवी यावर मी अडलो. दोन्हींत सहाव्या प्रतीतलं सगळं होतं, पण एकीतलं नवं दुसरीत नव्हतं. इथे परवा ज्याला गोंगाट म्हटलं तो कामाला आला. सेटिंगच्या फायलीत त्या दस्तऐवजाला आजवर मिळालेल्या सगळ्या आरएसआयडींची यादी असते. सहाव्या प्रतीच्या यादीतले सगळे आकडे दोन्ही याद्यांत होते, त्यापलीकडचे पूर्ण वेगळे. म्हणजे दोघांनी सहावी प्रत उचलून आपापल्या यंत्रावर पुढे नेली होती. एक शाखा पुढे चौदाव्यापर्यंत आली. दुसरी तिथेच थांबली, कुणी तिच्याकडे परत पाहिलंच नाही.

हे जसं घडलं तसंच इतिहासात ठेवलं. सहाव्यापर्यंत सरळ रेघ, मग दोन ब्रांच, म्हणजे शाखा. प्रत्येक कमिटची लेखक-तारीख झिपच्या आतली दिली. गिट बदल लिहिल्याची तारीख आणि कमिट झाल्याची तारीख अशा दोन वेगळ्या ठेवतं, त्यामुळे खोटेपणा होत नाही. लिहिलं तेव्हा, इतिहासात आणलं आज.

११ ऑगस्ट

दरपत्रक. ही एक्सेल फाइल आहे आणि आतून वर्डपेक्षा अवघड. रकान्यातला मजकूर रकान्यात नसतो. सगळे शब्द एका वेगळ्या फायलीत यादीसारखे ठेवलेले आणि रकान्यात फक्त त्या यादीतला क्रमांक. मधेच एक नवा शब्द आला की पुढचे क्रमांक सरकतात, आणि हात न लावलेले रकानेही बदललेले दिसतात.

पण खरा प्रश्न निराळाच आहे. दर दोन ठिकाणी आहेत: एक्सेलमध्ये माणसांसाठी आणि कोडमध्ये यंत्रासाठी. एकीकडे बदलले की दुसरीकडे हातानं बदलायचे. हे आधी मोडायला हवं. दरपत्रक सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर फाइल केलं आणि कोड तीच फाइल वाचेल असं केलं. एक ओळ म्हणजे एक दर. दर बदलला की एक ओळ लाल, एक हिरवी, आणि कुणाच्या सांगण्यावरून तो बदलला हे कमिटच्या संदेशात.

सीएसव्हीचीही पथ्यं आहेत. सहकाऱ्यानं ती दोनदा क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली तर देवनागरीच्या जागी नुसती चिन्हं. अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत सांगणारी यूटीएफ-८ची खूण फायलीच्या सुरुवातीला नव्हती. खूण घातली तर एक्सेल सुधारलं, पण आमच्या कोडला पहिल्या स्तंभाचं नाव सापडेना, कारण ती न दिसणारी खूण नावाला चिकटली होती. वाचताना खूण बाजूला काढायची तजवीज केली. शिवाय शून्यानं सुरू होणारे वर्गांचे क्रमांक एक्सेलनं संख्या समजून शून्य खाऊन टाकले. म्हणून सीएसव्ही एक्सेलमध्ये नुसती पाहायची, सेव्ह करायची नाही, असा नियम केला. चाचणीतही तपास घातला: क्रमांक चार अंकी नसेल तर बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअर तयार होणं, थांबते.

१२ ऑगस्ट

छोटी गोष्ट. फायलींची नावं मराठीत ठेवली, कारण ती वापरणारी माणसं मराठी वाचतात. गिट स्टेटसमध्ये ‘नियम’च्या जागी तिरप्या रेघा आणि ३४०, २४४, २५० असे आकडे. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८मध्ये तीन बाइटचं, आणि गिट ते अष्टमान पद्धतीत छापत होतं. ‘न’चे हे तीन बाइट. कोअर-कोटपाथ ही सेटिंग बंद केली की नावं सरळ दिसतात. यंत्र तयार करण्याच्या यादीत घातलं. वर्ड आणि लिब्रेऑफिस फाइल उघडी असताना बाजूला ज्या तात्पुरत्या फायली करतात त्या गिटइग्नोअरमध्ये, म्हणजे गिटनं दुर्लक्ष करायच्या यादीत घातल्या.

१४ ऑगस्ट

आजची बैठक सगळ्यात महत्त्वाची होती. दस्तऐवज सांभाळणाऱ्या मॅडम, चाचणी पाहणारा सहकारी आणि मी. मॅडमनी पहिलाच प्रश्न असा विचारला की त्याचं उत्तर देणं मला भाग होतं. “वर्डच्या ट्रॅक चेंजेसमध्ये मला कुणी काय बदललं ते दिसतं. तुमच्या गिटमध्ये वेगळं काय दिसणार?”

मी त्यांना चौदा प्रतींचा आलेख दाखवला, सहाव्या प्रतीपाशी फुटलेला. ट्रॅक चेंजेस एका फायलीतल्या अजून न स्वीकारलेल्या सूचना दाखवतं. एकदा ‘स्वीकारा’ दाबलं की कुणी, कधी, काय बदललं ते त्या फायलीतून जातं. परीक्षणासाठी ते उत्तमच आहे, इतिहासासाठी ते केलेलं नाही. आणि दुसऱ्या फायलीत, म्हणजे कोडमध्ये, त्याच वेळी काय बदललं हे त्याला सांगता येत नाही. मॅडमनी आलेख बराच वेळ पाहिला. “ही आठवी प्रत माझी आहे,” म्हणाल्या. “मी समजत होते ती घेतली गेली.” मग पुढे: “मी वापरीन. पण मला लिहायचं असतं हो, आज्ञा पाठ करायच्या नाहीत.” रास्त आहे. त्यांच्या यंत्रावर चित्रमय प्रोग्राम बसवतोय.

मग प्रश्न कुलपाचा. एकानं फाइल घेतली की दुसऱ्यानं थांबायचं, की दोघांनी लिहायचं आणि नंतर जुळवायचं? हा वाद जुनाच. १९७२ मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉचकाइंड यांनी आवृत्त्या सांभाळणारं एससीसीएस लिहिलं आणि १९८२ च्या सुमारास पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस. दोन्हींत संपादनासाठी फाइल बाहेर काढली की तिला कुलूप. डिक ग्रून यांच्या सीव्हीएसनं १९८६ मध्ये जुळवून घेण्याची वाट रुळवली आणि २००५ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिहिलेल्या गिटचा तर सगळा डोलाराच मर्जवर उभा आहे. पण सीव्हीएसची जागा घ्यायला आलेल्या सबव्हर्जननं पुढे कुलूप परत आणलं, खास अशा फायलींसाठी ज्यांचं मर्ज होऊच शकत नाही. फायलीला तशी खूण केली की कुलूप घेईपर्यंत ती फक्त वाचता येते. तो विचार मला पटतो. ज्याची ओळीनं तुलना होते ते मर्ज करावं, ज्याची होत नाही त्याला कुलूप लावावं.

ठरलं ते असं. नियमपुस्तिका साध्या मजकुरात, म्हणजे मांडणी साध्या खुणांनी सांगणाऱ्या मार्कडाउनमध्ये येईल. तिची डॉक्स पॅनडॉक करून देईल, शैली आजच्याच डॉक्सवरून घेऊन. बाहेरून शेरे वर्डमध्येच येतील, ते मॅडम मजकुरात उतरवतील. आकृत्यांच्या मूळ फायली आणि सादरीकरणं गिट एलएफएस या मोठ्या फायलींसाठीच्या जोडसोयीत, कुलुपासह. आमच्या सर्व्हरवर ती सोय आहे.

१८ ऑगस्ट

पुस्तिका मजकुरात आली. एका ओळीत एक वाक्य, हा एकच नियम लेखनासाठी केला. मार्कडाउनला फरक पडत नाही, रिकामी ओळ येईपर्यंत तो एकच परिच्छेद धरतो. फरक गिटला पडतो. परिच्छेद एका ओळीत असेल तर एका स्वल्पविरामासाठी दहा वाक्यं लाल होतात. ब्रायन कर्निगन यांनी १९७४ मध्ये युनिक्सवर नव्यानं लिहिणाऱ्यांना हाच सल्ला दिला होता, प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर सुरू करा, म्हणजे पुढे दुरुस्ती सोपी जाते. तेव्हा गिट नव्हतं, पण दुरुस्त्या होत्याच.

मॅडमना आधी हे खटकलं. “वाचताना ओघ तुटतो.” दोन दिवसांनी त्या स्वतःच म्हणाल्या की लांबलेली वाक्यं आता लगेच डोळ्यात येतात, ओळ पडद्याबाहेर जाते ना. हा फायदा माझ्या ध्यानात आला नव्हता.

पहिला कॉन्फ्लिक्टही आजच आला. सहकाऱ्यानं ‘अर्जदार’ केलं, मॅडमनी त्याच वाक्यात ‘सदस्य’. गिटनं दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून वरखाली खुणा घातल्या. मॅडम घाबरल्या नाहीत. म्हणाल्या, हे बरं, निदान विचारतंय. पूर्वी शेवटी सेव्ह करणाऱ्याचा शब्द राहायचा आणि दुसऱ्याला कळायचंही नाही.

२१ ऑगस्ट

आजचा दिवस एका अक्षरावर गेला आणि गेला ते बरं झालं.

शब्दवार डिफमध्ये हे दिसत होतं: लाल रंगात ‘दुसर्‍या’, हिरव्या रंगात ‘दुसऱ्या’. डोळे ताणून पाहिलं. दोन्ही सारखेच. सहकाऱ्याला दाखवलं, त्यालाही फरक सापडेना. मग दोन्ही शब्दांचे युनिकोड क्रमांक छापून घेतले आणि गाठ सुटली. आपला अर्धा ‘र’, य किंवा ह आधी येणारा, दोन रीतींनी लिहिता येतो. एक म्हणजे ऱ (यू+०९३१) आणि त्यापुढे हलन्त. दुसरी म्हणजे साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक (यू+२००डी). पडद्यावर आकार एकच. मॅडम इनस्क्रिप्टवर लिहितात, त्यांच्या कळफलकावर ऱ ची स्वतंत्र कळ आहे. सहकारी फोनेटिकवर लिहितो, त्याचं साधन जोडक घालतं. ज्यानं ज्या वाक्याला हात लावला, तिथली रीत बदलली.

हा नुसत्या डिफचा प्रश्न नाही. पुस्तिकेत ‘दुसऱ्या’ शोधलं तर निम्म्याच जागा सापडत होत्या, उरलेल्या दुसऱ्या रीतीच्या. कुणी नियम शोधला आणि तो नाही असं समजून बसला तर?

युनिकोडचं प्रमाणीकरण लावून पाहिलं. साधा र आणि खाली नुक्ता अशा तऱ्हेनं लिहिलेला ऱ त्यानं एकरूप केला. पण जोडकाची रीत तशीच राहिली, कारण युनिकोडच्या लेखी त्या दोन समान नाहीत. तेच ‘ॲ’चं. एकसंध ॲ (यू+०९७२) आणि अ वर चंद्र देऊन केलेला, दिसायला एक, क्रमांकांनी दोन. म्हणून छोटी स्क्रिप्ट लिहिली. र, हलन्त, जोडक दिसलं की ऱ आणि हलन्त करायचं, अ वर चंद्र दिसला की एकसंध ॲ. आधी सगळी पुस्तिका एकदा धुऊन काढली आणि ती कमिट वेगळी ठेवली, म्हणजे खऱ्या बदलांत ती मिसळणार नाही. आता ही स्क्रिप्ट कमिटच्या आधी हुकमधून, म्हणजे गिटच्या आपोआप चालणाऱ्या आज्ञेतून चालते. हुक क्लोनबरोबर येत नाहीत, म्हणून सर्व्हरवरच्या तपासातही तीच घातली.

मराठीत लिहिणाऱ्या प्रत्येक गटानं हे पहिल्या दिवशी करावं असं मला मनापासून वाटतं. आम्हाला सतरा दिवस लागले.

२५ ऑगस्ट

माझ्याकडून चूक झाली. चुकीच्या ब्रांचवर असताना रीसेट-हार्ड केलं, म्हणजे सगळं जुन्या स्थितीला नेलं. दोन कमिट दिसेनाशा झाल्या. त्या रेफलॉगमध्ये सापडल्या आणि पाच मिनिटांत परत आल्या. ब्रांच कुठून कुठे हलली याची नोंद गिट आपल्या यंत्रावर काही आठवडे ठेवतं. पण सकाळपासून लिहिलेल्या आणि कमिट न केलेल्या आकृत्यांच्या ओळी गेल्या त्या गेल्याच. जे गिटच्या हाती दिलंच नव्हतं, ते त्यानं परत द्यायचं कुठून? ओळी पुन्हा लिहिल्या. आता तासाला तरी एक कमिट, अर्धवट असली तरी माझ्या ब्रांचवर.

२८ ऑगस्ट

ग्राहकाची तक्रार आली: सातव्या दिवशी पैसे भरले तरी शुल्क लागलं. पुस्तिकेत ‘सात दिवसांची सवलत’. म्हणजे सातवा दिवस सवलतीत हवा, वाचणारा असंच समजणार.

जुन्या एका आवृत्तीत सातव्या दिवशी शुल्क लागत नव्हतं हे नक्की होतं. तिथून आजपर्यंत २१२ कमिट. गिट बायसेक्टला सातव्या दिवसाची चाचणी लावून दिली. ते दर वेळी मधली कमिट उचलतं, चाचणी चालवतं आणि निम्मा भाग बाद करतं. एक कमिट बिल्डच होत नव्हती, तिथे स्क्रिप्टनं ‘तपासता येत नाही’ अशा अर्थाचा आकडा १२५ परत केला की ते ती वगळून पुढे जातं. नऊ पायऱ्यांत कमिट सापडली. चिन्ह ‘कमी किंवा समान’चं ‘कमी’ झालेलं, एवढाच बदल. संदेश: ‘दुरुस्ती’.

ज्यानं ती केली तो सहकारी इथेच आहे. त्याला विचारलं. चार-पाच महिन्यांनी त्यालाही आठवेना. टंकनातली चूक वाटते, म्हणाला. आम्ही चिन्ह परत फिरवायला निघालो होतो. कोड बदलून झाला होता, कमिट करायची राहिली होती.

तेवढ्यात मॅडमना त्यांची आठवी प्रत आठवली. “मी तेव्हा सातव्या दिवसाबद्दल काहीतरी लिहिलं होतं.” त्या ब्रांचचा डिफ पाहिला, काही नाही. पण त्या ठाम होत्या. मग उलगडलं. पॅनडॉक न सांगता चालवला की तो डॉक्समधल्या सूचना स्वीकारलेल्या धरतो आणि समासातली टिपणं सोडून देतो. म्हणजे मी ८ तारखेला बसवलेला डिफ टिपणं आम्हाला दाखवतच नव्हता. सगळे फेरफार दाखव असं सांगून आणि मार्कडाउनमध्ये काढून परत पाहिलं. टिपण समोर आलं, लिहिणाऱ्याच्या नावासकट आणि तारखेसकट: ‘सातवा दिवस सवलतीत धरायचा नाही, सहा पूर्ण दिवस मिळतात. बैठकीत ठरलं. वाक्य बदलायचं आहे.’ तारीख त्या ‘दुरुस्ती’च्या आदल्या दिवसाची.

कोड बरोबर होता. चुकीचं होतं ते पुस्तिकेतलं वाक्य, आणि ते दुरुस्त करायचं टिपण अशा प्रतीत राहिलं जी कुणी पुढे नेलीच नाही. बदल एकीकडे होता, कारण दुसरीकडे. आणखी दहा मिनिटं गेली असती तर आम्ही ठरलेला नियम मोडून तो दुरुस्त केला म्हणून पाठवला असता.

टेक्स्टकन्व्हची आज्ञा सगळ्यांच्या यंत्रावर बदलली. आता टिपणंही दिसतात.

२९ ऑगस्ट

कालच्या प्रकरणाची दुरुस्ती एकाच कमिटमध्ये: पुस्तिकेतलं वाक्य (‘सहा दिवसांपर्यंत शुल्क नाही, सातव्या दिवसापासून शुल्क लागू’), सहाव्या आणि सातव्या दिवसाच्या दोन चाचण्या, आणि संदेशात टिपणाचा मजकूर तारखेसह. कोडच्या त्या ओळीला हात लावला नाही.

यापुढे नियमाशी संबंधित बदलात पुस्तिकेची ओळ नसेल तर परीक्षणात तो परत पाठवायचा. उलटही तसंच. सहकाऱ्यानं विचारलं, घाईच्या वेळी काय? घाईच्याच वेळी जास्त, असं मी म्हटलं आणि त्यानं मान्य केलं.

१ सप्टेंबर

नवी आवृत्ती टॅग केली, म्हणजे इतिहासातल्या त्या जागेला नाव दिलं. पुस्तिकेची डॉक्स आणि सॉफ्टवेअर एकाच टॅगवरून तयार होतात. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाच्या तळाशी टॅगचं नाव आणि हॅशची, म्हणजे कमिटच्या ओळखक्रमांकाची सुरुवातीची अक्षरं छापून येतात, सॉफ्टवेअरच्या माहितीच्या चौकटीतही तीच. ग्राहकाला दोन्ही शेजारी ठेवून ताडता येतील. सामाईक फोल्डरमधल्या चौदा प्रती काढून टाकल्या. त्या इतिहासात आहेत.

पाठवण्याआधी मॅडमनी एकट्यानं केलेली एक कमिट आली. ब्रांच त्यांची, मर्जची विनंती त्यांची. बदल एका ओळीचा. संदेश जसाच्या तसा उतरवतो:

‘नियम ११: “त्वरित” काढून “तीन कामाच्या दिवसांत” केलं. “त्वरित” म्हणजे किती, असं दोन वाचकांनी विचारलं होतं. कोडमध्ये तीनच दिवस आहेत, चाचणी पाहून खात्री केली.’

मर्ज केलं.